फ्रिजवर कागद आहे. कागदावर नाव कुणाचं?

गेल्या काही वर्षांत वस्त्यांमधल्या आणि मध्यमवर्गीय ब्लॉकमधल्याही स्वयंपाकघरांत एक बदल दिसतो आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा लाल, मरून किंवा एके काळी पांढरा असलेला फ्रिज एका दुपारीत 'स्टीलचा' होतो. बाजारात त्यासाठी विनाइलचा चिकट कागद मिळतो. नाव कागद असलं तरी ते असतं प्लास्टिक. एका बाजूला घासलेल्या स्टीलसारखी बारीक रेघांची चकाकी, दुसऱ्या बाजूला गोंद, आणि गोंदावर चौकटी छापलेला सोलून टाकायचा कागद. दोन-चारशे रुपयांत एका दाराच्या फ्रिजचं रूप पालटतं. फ्रिज झाला की मिक्सरचं बूड, धुलाई यंत्राचं झाकण, ओट्याखालची फळी, असा तो कागद घरभर पसरत जातो.

या विषयावर लिहिते आहे म्हटल्यावर दोघी-तिघी मैत्रिणी हसल्या. हिंसा, आरोग्य, जमीन, रोजगार एवढे प्रश्न समोर असताना फ्रिजचा कागद? त्यांना मी एवढंच आठवण करून दिलं की १९७२ नंतर मुंबईत महागाईविरोधी महिला समितीनं मोर्चे काढले तेव्हा बायकांच्या हातात लाटणी आणि थाळ्या होत्या. स्वयंपाकघरातली वस्तू हा चळवळीचा विषय नाही, असं निदान महाराष्ट्रात तरी कुणी म्हणू नये. वस्तू कोण विकत घेतं, कोण वापरतं, कोण पुसतं आणि भांडण झालं की ती कुणाची ठरते, या प्रश्नांत घरातली सत्ता लख्ख दिसते.

मी एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून गेली दहा-बारा वर्षं समुपदेशन केंद्रात आणि वस्तीतल्या बचतगटांबरोबर काम करते आहे. या कागदाबद्दल माझ्या कानावर दोन प्रतिक्रिया येतात. पहिली आपल्याच कार्यकर्त्यांची: "बघा, बाजारानं बायकांना कसं नादाला लावलंय. पोट भरायची मारामार आणि फ्रिजला मखर!" दुसरी घरातल्या पुरुषांची: "बायकांची हौस!" दोन्ही प्रतिक्रिया मला सारख्याच वाटतात, कारण दोन्हींत कागद लावणाऱ्या बाईला कुणी काही विचारलेलं नाही.

मी विचारलं. उत्तरं अगदी साधी होती. फ्रिज आतून ठीक आहे, मग तो टाकायचा कशाला? हँडलजवळ रंग उडालाय, खाली गंज धरलाय, पुसून पुसून हात दुखतात तरी कळकट दिसतो. मुलीला बघायला पाहुणे यायचेत. भाड्याच्या खोलीत भिंतीला खिळा मारायची सोय नाही, तर निदान आपल्या वस्तूला तरी काही करता येतं. आणि एक उत्तर जवळजवळ प्रत्येकीच्या तोंडी वेगवेगळ्या शब्दांत आलं: नवीन घ्यायचा की नाही ते 'हे' ठरवतात, एवढं मला कुणाला न विचारता करता आलं.

हे शेवटचं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. पंचवीस-तीस हजारांची वस्तू घ्यायची झाली की दुकानात कोण जातं, कुठली कंपनी, किती हप्ते हे कोण ठरवतं, हे आपल्याला ठाऊक आहे. बाईला फार तर रंग विचारतात. पण महिन्याच्या किराण्यातून वाचवलेले तीनशे रुपये तिच्या हातात असतात. त्या तीनशे रुपयांच्या आवाक्यातला निर्णय ती घेते आणि तो नीट तडीला नेते. कागद चिकटवणं दिसतं तितकं सोपं नसतं. दार साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडं करायचं, गंज पॉलिश पेपरनं घासून काढायचा, माप घेऊन कापायचं, वरून थोडा थोडा कागद सोलत खाली यायचं, हवेचे फुगे जुन्या पट्टीनं कडेला सारायचे, कोपऱ्यावर केस वाळवायच्या यंत्राची थोडी ऊब देऊन तो वळवायचा. हे सगळं ती मोबाइलवर बघून स्वतः शिकते. हेच काम पुरुषानं पैसे घेऊन केलं तर त्याला आपण कारागीर म्हणतो. बाईनं आपल्या घरात केलं की ती हौस होते.

शिवाय चालू वस्तू टाकून न देणं हा शहाणपणा आहे. जुना फ्रिज भंगारात गेला की त्याचा पत्रा आणि तांबं काढायला उघड्यावर तोडफोड होते आणि आतला वायू हवेत जातो. अशा वस्तू परत घेऊन त्यांची नीट विल्हेवाट लावायची जबाबदारी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. पण आपल्या गल्लीत येणारा भंगारवाला अजून तोच आहे. तेव्हा फ्रिज आणखी चार वर्षं चालवणाऱ्या बाईला 'बाजाराची बळी' म्हणण्याआधी दोनदा विचार करावा. नवा घ्या म्हणणाऱ्या बाजाराला तिनं तीनशे रुपयांत परतवलेलं असतं.

म्हणजे मी या कागदाची वकिली करते आहे का? इथपर्यंत, हो. पण पुढे माझी एक तक्रार आहे, आणि ती कागदाच्या गुणधर्माबद्दल आहे.

आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात पितळेची भांडी होती. त्यांना कल्हई करावी लागे. कल्हईवाला भाता लावून भांडं तापवी, नवसागर टाकी आणि कथलाचा हात फिरवी. भांडं चकचकीत होई. पण कल्हई दिसण्यासाठी नव्हती. ती भांड्याच्या आतून असे, म्हणजे ताक, आमटी, चिंचेचं सार कळकू नये आणि खाणाऱ्याला बाधू नये. कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक ठेवायचं नाही, हे घरातल्या लहान मुलीलाही माहीत असे. हा नवा कागद बाहेरून असतो. बघणाऱ्याला तो फ्रिज नवा दाखवतो. आतला फ्रिज तोच राहतो. अडचण तिथे सुरू होते.

दाराचं रबर सैल झालं असेल तर कागदानं ते घट्ट होत नाही. दारात वर्तमानपत्राचा कपटा धरून दार लावावं आणि कपटा ओढावा. तो अलगद निघून आला तर थंडी बाहेर जाते आहे आणि विजेचं बिल वाढतं आहे. रबर बदलून मिळतं. दाराला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी तीन पिनांचा प्लग आणि घराचं अर्थिंग तपासून घ्यावं. कागदामुळे झिणझिण्या दबल्यासारख्या वाटतील, धोका तसाच राहील, आणि उघड्या राहिलेल्या हँडलला ओला हात तिचाच लागणार आहे. पुष्कळ फ्रिजच्या दोन्ही बाजू चालू असताना कोमट लागतात, कारण उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या तिथे पत्र्याच्या आत असतात. म्हणून कागद दारापुरता ठेवावा. मिक्सरच्या बुडाची हवेची भोकं झाकू नयेत. आणि गॅसच्या शेगडीवर किंवा तिच्यामागच्या भिंतीवर हा कागद मुळीच नको. तो स्टीलसारखा दिसतो, पण प्लास्टिक आहे. उष्णतेनं मऊ पडतो आणि जळला तर त्याचा धूर घशाला आणि फुप्फुसाला घातक असतो.

हे सांगायचं कारण, झाकलेली गोष्ट विसरली जाते. ऊर्जाबचतीची चांदण्यांची चिठ्ठी फ्रिजच्या दारावर असते. तिच्यावर वर्षाला किती युनिट वीज लागेल हेही छापलेलं असतं. 'फ्रॉस्ट फ्री' फ्रिजना ती २०१० पासून सक्तीची झाली. कागद लावताना पहिली ती चिठ्ठी जाते. घरमालक फ्रिजपोटी दरमहा जादा पैसे मागतो तेव्हा 'याला एवढी वीज लागतच नाही' म्हणायला बाईजवळ असलेला एकुलता पुरावा स्टीलच्या रेघांखाली गाडलेला असतो. तेव्हा चिठ्ठीचा आधी फोटो काढावा, किंवा तिच्याभोवतीनं कागद कापावा. खिडकी ठेवलेली वाईट दिसत नाही.

आता दुसरी झाकली जाणारी गोष्ट. स्वयंपाकघर चकचकीत झालं की ते 'आधुनिक' झालं असं आपण धरून चालतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २८९ आणि ८८ आले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली, म्हणून कुणी टाळ्या वाजवील. पण पुरुषाचीही नऊ कमी झाली! म्हणजे बाईच्या अंगावरून उतरलेलं काम पुरुषाच्या अंगावर चढलं नाही. अंतर होतं २०२ मिनिटांचं, ते राहिलं २०१. घासलेल्या स्टीलच्या दारावर बोटांचे ठसे लगेच उठून दिसतात, हे ज्यांनी कागद लावला आहे त्या सांगतील. ते पुसायचं काम कुणाकडे येतं, तेही त्याच सांगतील.

पण माझ्या मनात खरा घर करून राहिला आहे तो मालकीचा प्रश्न. आमच्या केंद्रातलं एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील मोघम ठेवते आहे.

दोन मुलांना घेऊन ती नवऱ्याच्या घरातून बाहेर पडली. मारहाण बऱ्याच वर्षांची होती. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज केला आणि त्यात स्त्रीधनाची मागणी केली. त्या कायद्याच्या कलम १९ च्या आठव्या पोटकलमाप्रमाणे दंडाधिकारी तिच्या वस्तू तिला परत द्यायला सांगू शकतात. आम्ही बसून यादी केली: कपाट, भांडी, दोन बांगड्या आणि लग्नात वडिलांनी दिलेला लाल फ्रिज. उलट बाजूचं लेखी उत्तर आलं: 'माहेरचा लाल फ्रिज कधीच भंगारात गेला. घरात आहे तो स्टीलचा फ्रिज आम्ही आमच्या पैशांनी घेतला.' ते वाचून ती रडली नाही, हसली. म्हणाली, "ताई, तो स्टीलचा कागदसुद्धा मीच आणलाय. बाजारातून, दिवाळीच्या आधी."

लग्नातल्या फोटोत लाल फ्रिज होता. दुकानाची पावती शोधली, ती सापडली. पण तिच्यावर नाव जावयाचं. दुकानदारानं 'नाव काय घालू?' विचारल्यावर वडिलांनी कौतुकानं जावयाचं नाव सांगितलं होतं. पैसे वडिलांचे, वस्तू लेकीसाठी, आणि कागद जावयाच्या नावाचा! शेवटी वडिलांच्या पतपेढीच्या पासबुकात त्याच तारखेला काढलेली रक्कम निघाली, म्हणून बरं. आदेश मिळायला आठ महिने गेले. संरक्षण अधिकारी आणि पोलीस यांच्याबरोबर आम्ही सामान आणायला गेलो तेव्हाही सासूबाई दारात उभ्या राहून तो फ्रिज वेगळा आहे म्हणत होत्या. तिनं हँडलखालचा कोपरा नखानं उचलला आणि टरकन कागद ओढला. खाली लाल रंग होता.

त्या बाईला फ्रिज मिळाला. पण पासबुक हरवलं असतं तर? फोटो नसता तर?

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे. लग्नातल्या पातेल्यापासून वाटीपर्यंत मशीननं टिंब टिंब उमटवून घेतात: देणाऱ्याचं नाव, घेणारीचं नाव, तारीख. ती पद्धत पाडणाऱ्यांना कायदा ठाऊक नव्हता, पण वस्तू कुणाची यावर पुढे वाद होतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. गंमत अशी, की दोनशे रुपयांच्या डब्यावर आपण नाव घालून घेतो, आणि पंचवीस हजारांच्या फ्रिजच्या पावतीवर कुणाचं नाव पडलं ते वाचतही नाही.

कायदा इथे बाईच्या बाजूचा आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. त्याखाली १९८५ साली केलेल्या नियमांप्रमाणे लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची असते. वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूनं ठेवायची. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं, आणि खाली वधू-वर दोघांच्या सह्या. त्याच १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की स्त्रीधन ही बाईचीच मालमत्ता आहे; सासरी ते नुसतं ठेवायला दिलेलं असतं, आणि परत न देणं हा विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. जवळजवळ चाळीस वर्षं झाली. इतक्या लग्नांना गेले, अशी यादी करताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही. अहेराच्या पाकिटांची वही मात्र प्रत्येक मांडवात असते!

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. आपण हुंड्याच्या विरोधात. मग लग्नातल्या फ्रिजची यादी करा म्हणणं म्हणजे हुंड्याला सही-शिक्का देणंच नाही का? मला तसं वाटत नाही. मागितलेली वस्तू ही हुंडाच आहे, तिची यादी केली म्हणून ती भेट होत नाही, आणि मागणं हा गुन्हाच राहतो. आपली लढाई त्या मागण्याशी आहे आणि ती सोडायची नाही. पण वस्तू घरात आल्यावर ती कुणाची या प्रश्नावर गप्प बसलो, तर त्या गप्प बसण्याचा फायदा मागणाऱ्यालाच होतो.

शिवाय आता सगळ्या वस्तू लग्नातून येत नाहीत. आमच्या बचतगटांत बाया कर्ज काढून फ्रिज, मिक्सर, शिलाई मशीन घेतात. कर्ज तिच्या नावावर, हप्ता तिच्या धुण्याभांड्यांच्या पगारातून, अंगठा किंवा सही तिची. आणि पावती करताना 'घरच्या माणसाचं नाव घाला.' फिटायचं कर्ज तिचं, फिटल्यावरची वस्तू त्याची. हे आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या गटांत चाललं आहे. वस्तीत काम करणाऱ्या आपण हप्ता वेळेवर आला का हे बारकाईनं बघतो. पावतीवर नाव कुणाचं हे विचारत नाही.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात मांडते.

एक: गटातून वस्तूसाठी कर्ज घेतलं असेल तर पावती कर्ज घेणारीच्याच नावाची हवी, आणि तिची प्रत गटाच्या फायलीला लावावी. गटानं तसा ठराव करावा, म्हणजे घरी एकटीला भांडावं लागणार नाही. "गटाचा नियमच आहे" एवढं म्हणता आलं की पुष्कळ बायांचं काम सोपं होतं.

दोन: लग्न ठरलेल्या प्रत्येक मुलीला, आणि तिच्या आईलाही, १९८५ च्या यादीबद्दल सांगावं. सासरची मंडळी सही देत नसतील तर निदान तारीख घालून यादी करावी, फोटो आणि पैसे भरल्याची नोंद माहेरी किंवा विश्वासाच्या मैत्रिणीकडे ठेवावी. लग्न होऊन वीस वर्षं झालेल्यांनीही घरातल्या वस्तूंची एक वही करायला हरकत नाही. पावती हा एकमेव पुरावा नसतो, पण पुरावा गोळा करायची वेळ घर सोडावं लागल्यावर येऊ नये.

तीन: कागद लावायचाच असेल तर फ्रिजच्या आत किंवा मागे असलेल्या पट्टीवरचा मॉडेल नंबर आणि अनुक्रमांक आधी त्या वहीत लिहून घ्यावा, मूळ रंगाचा फोटो काढावा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि त्याच दिवशी दाराचं रबर आणि अर्थिंगही बघून घ्यावं.

चार: जिला हे काम छान जमतं तिनं शेजारणीकडे ते फुकट करू नये. मजुरी सांगावी. शेजारणीनंही ती द्यावी. आपल्या कौशल्याला आपणच मोल दिलं नाही तर दुसरं कोण देणार?

घर नीटनेटकं असावं, आपल्या वस्तू आपल्याला छान वाटाव्यात, ही इच्छा कमीपणाची नाही. दिवसाचे पाच तास ज्या जागेत जातात ती जागा सुंदर करायचा बाईला पूर्ण हक्क आहे, आणि त्याबद्दल तिला चळवळीकडून टोमणा मिळता कामा नये. पण ज्या फ्रिजचं रूप ती आपल्या पैशांनी आणि आपल्या हातांनी पालटते, तो फ्रिज तिचा आहे असं सांगणारा एकही कागद घरात नसावा, हे आपण किती दिवस चालू द्यायचं?

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या घरातल्या फ्रिजची, मिक्सरची, शिलाई मशीनची पावती शोधून आणावी. नाव कुणाचं आहे ते एकमेकींना वाचून दाखवावं. आमच्या एका गटात आम्ही हे केलं. अठरा जणींपैकी अकरा जणींना पावत्या मिळाल्या. त्यांतल्या दोन त्यांच्या स्वतःच्या नावाच्या होत्या. तुमच्या गटात काय निघालं ते जरूर कळवा.